पऱ्हाटीचं पार्टिशन

माझ्या सुनेनं आमचं घर सजवायला काढलं तेव्हा पहिला बळी गेला तो न्हाणीघरातल्या गिलक्याचा. वेलावर वाळलेलं गिलकं, साल आणि बिया काढून टाकलेलं, आतली नुसती जाळी. आमच्या जळगावकडे पाठ घासायला तेच लागतं. एके सकाळी ते खुंटीवर नव्हतं. संध्याकाळी पाहते तर हॉलच्या कोपऱ्यात तसलीच गिलकी उभी चिरून, एकमेकांना शिवून केलेली टोपी, तिच्याखाली दिवा, आणि भिंतीवर जाळीजाळीची सावली. दिसत होतं सुंदर, नाही म्हणत नाही. पण मी म्हणाले, "अगं, आता पाठ कशानं घासायची?" तर म्हणते, "आई, तुमच्यासाठी नवीन आणलंय, नळाशेजारी ठेवलंय." खरोखरच ठेवलं होतं.

मग एकेक सुरू झालं. सोफ्याच्या उशांना गोणपाटाचे अभ्रे आले, कडेनं लाल दोऱ्याचं भरतकाम केलेले. दारात केळीच्या धाग्याची चटई आली. मक्याच्या कणसांच्या सालांची फुलं आली. शेणाच्या पातळ फरशा वाळवून, त्यावर गेरूनं पानं काढून, त्या जिन्याच्या भिंतीवर चढल्या. माझी प्लास्टिकची गुलाबं मात्र गेली. त्यांना मी दर दिवाळीला साबणाच्या पाण्यानं आंघोळ घालत असे. तिचा नियम साधा होता. घरातून बाहेर टाकलं की जे मातीत मिसळून जाईल तेच घरात आणायचं. मी म्हणाले, "या हिशेबानं फक्त मी आणि तुझे सासरे एवढेच घरात ठेवण्यासारखे." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ती कोल्हापूरकडची. घरांच्या सजावटीचं रीतसर शिक्षण घेतलेली, आणि लग्नाआधी पुण्यात एका मोठ्या ऑफिसात कामाला होती. माझ्या मुलाला घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा दोघं जळगावला राहायला आली, "बघू या, जमतं का" असं म्हणत. त्या "बघू या"ची मला सारखी धास्ती असे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर घरात दोन म्हातारी माणसं आणि एक टीव्ही, एवढाच आवाज उरला होता. ही आली आणि घर बोलायला लागलं. बाजारात माझ्याबरोबर येऊन ती भाजीवाल्यांना विचारायची, याला तुम्ही काय म्हणता, हे कुठलं, याचं साल फेकून देता का. मला मुलगी नाही. ती मला हवी होती, इतकं सरळ आहे ते. पण माझं तोंड असं की माया वाटली की त्यातून टोमणाच बाहेर पडतो.

थंडी सुरू झाली तेव्हा पुण्याच्या ऑफिसातून तिला परत बोलावणं आलं. जेवताना तिनं आम्हाला सगळं नीट सांगितलं. धुळ्याला देवपुरात एका डॉक्टर जोडप्याचा नवा बंगला होत होता. आमच्या हॉलचा फोटो कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि त्यांना हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये एक पार्टिशन हवं होतं, असंच, मातीतलं. "हे काम नीट झालं तर मी पुण्याला नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "इथे माझं काही चालू शकतं असं मला तरी वाटेल. नाही झालं, तर मात्र आई, मला जायला हवं." माझा मुलगा खाली मान घालून जेवत होता. ती जाईल तिथे तो जाणार, हे सांगायची गरज नव्हती. मी तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाले, "खा, पुण्याला अशी मिळणार नाही." यापेक्षा बरं काहीतरी बोलायला हवं होतं.

पार्टिशन कशाचं करायचं यावर तिनं बराच विचार केला आणि ती पऱ्हाटीवर येऊन थांबली. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड. कापूस वेचून संपला की ते उपटायचं, मोळ्या बांधून अंगणात रचायच्या आणि वर्षभर चुलीत, बंबात घालायच्या. खानदेशात जळण म्हटलं की पऱ्हाटी. आणि तिला त्याच्यात काय काय दिसलं. म्हणे रंग बघा, तपकिरीत किती लाल आहे. म्हणे काडी सरळ तर किती आणि तरी प्रत्येकीचं वळण वेगळं. सागाच्या चौकटीत या काड्या उभ्या, जवळजवळ बसवायच्या, केळीच्या धाग्यानं बांधायच्या, म्हणजे मधून उजेड झिरपेल.

मला तिचं कौतुक वाटलं आणि रागही आला. माझं माहेर एरंडोलकडचं, आणि आमचं घर कुडाचं होतं. कूड म्हणजे पऱ्हाट्या नाही तर तुरीच्या काड्या उभ्या करून, आडव्या बांधून, वर शेणमातीचा गिलावा दिलेली भिंत. पावसाळ्यात गिलावा गळायचा आणि काड्या उघड्या पडायच्या. मग दिवाळीआधी आई पुन्हा लिंपायची. मधून उजेड झिरपायचाच, वाराही झिरपायचा, विंचूही. एक तरी भिंत विटेची व्हावी एवढंच तिचं मागणं असे. म्हणून मी सुनेला म्हणाले, "माझ्या आईनं जन्मभर ज्या काटक्या घराबाहेर काढायच्या म्हणून जीव टाकला, त्या तू परत घरात आण. धुळेकरांना तू त्या विकशील, पण तोवर पसारा माझ्या गच्चीवर." ती हसली. त्या दिवशी मला तिचं हसणं नेहमीसारखंच वाटलं.

पऱ्हाट्या कुठून आणायच्या हा प्रश्नच नव्हता. माझे जेठ, म्हणजे यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, धरणगावजवळच्या आमच्या गावी कपाशी करतात. आबा म्हणजे काटकुळ्या अंगाचा, पांढऱ्या टोपीचा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलायची नाही आणि कुणाकडे मिठाचा खडा मागायचा नाही, अशी त्यांची ख्याती. आणि भरीत करावं तर आबांनी. हिवाळ्यात ते हिरवी, मोठाली भरिताची वांगी पिशवीत घालून एसटीनं येतात, गच्चीवर स्वतः विस्तव करतात, वांगी भाजतात, लाकडी काठवटीत ठेचतात. त्यांच्या भरिताच्या वेळी दुसऱ्या कुणी काडी पेटवली तरी त्यांना चालत नाही.

सुनेनं त्यांना फोन करून सांगितलं, "आबा, मला थोड्या सरळ पऱ्हाट्या हव्यात, घर सजवायला." आबांनी "बरं पोरी" म्हटलं आणि चांगल्या मोळ्या पाठवून दिल्या. आता ऐकणाऱ्याचीही गंमत बघा. सत्तरीच्या पुढच्या त्या खानदेशी माणसाच्या डोक्यात पऱ्हाटी आणि सजावट हे दोन शब्द एकत्र बसणं शक्यच नव्हतं. त्यांना वाटलं, परमुलखातली पोर आहे, इथलं भरीत तिच्या जिभेला लागलंय, आता घरीच करायचं म्हणते, आणि म्हणायला लाजते. त्या बिचाऱ्यांना केवढा आनंद झाला असेल.

इकडे तिनं त्या काड्यांची अशी काही सेवा केली की तेवढी माझ्या बाळंतपणात माझीही झाली नव्हती. आधी निवडल्या. मग कीड लागू नये म्हणून कडुलिंबाच्या पाल्याबरोबर उकळल्या. सावलीत वाळवल्या. काचकागदानं घासून गुळगुळीत केल्या. शेवटी जवसाचं तेल चोळलं, आणि गच्चीवर कोवळ्या उन्हात ओळीनं मांडून वर जुनी चादर घातली. चौकट सुतारकाम करणाऱ्या चाचांकडे तयार होत होती. बांधायला केळीचा धागा तेवढा आणायचा राहिला होता. तो आणायला रविवारी सकाळी ती आणि माझा मुलगा चोपड्याला गेले.

आणि त्याच रविवारी आबा वांगी घेऊन आले.

मी खाली कळण्याच्या भाकऱ्यांच्या तयारीत होते. ज्वारीत उडीद घालून दळलेलं ते पीठ. त्याची भाकरी नसेल तर भरिताला अर्थ नाही. आबा वर गेले, पाठोपाठ आमचे हे पेपर घेऊन वर गेले. थोड्या वेळानं जिन्यातून आबांचा आवाज आला, "पोरनी काड्या कशा घाशी-पुशी ठेल्या शेतस. काय झकास पेटतस." तिनं निवडून बाजूला काढलेल्या वाकड्या काड्यांचं एक पोतं गच्चीच्या कोपऱ्यात होतं. मला वाटलं, ते घेतलं असेल. मी भाकरी थापत राहिले. जवसाच्या तेलाचा वास खालपर्यंत आला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि आमचे हे तर समोर बसून होते. चादर बाजूला झालेली त्यांनी पाहिली, ओळीनं मांडलेल्या काड्या आबांनी उचललेल्या पाहिल्या. पण आमच्याकडच्या माणसाला पेटलेल्या पऱ्हाटीवर वांगं दिसलं की पुढचं काही दिसत नाही. काड्या चांगल्या पेटत होत्या म्हणून आबांनी त्या संपेपर्यंत वांगी सगळीच भाजून काढली, शेजाऱ्यांनाही द्यावीत म्हणून.

दुपारी मुलगा आणि सून चोपड्याहून आले. आबांनी स्वतः तिचं पान वाढलं. भरीत, पातीचा कांदा, कळण्याची भाकरी. तिनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "आबा, आज फारच छान झालंय. वेगळीच चव आहे."

आबा खूश झाले. म्हणाले, "तुन्याच काड्या शेतस पोरी. त्यास्नी चव."

तिचा हात थांबला. ती माझ्याकडे पाहायला लागली, आणि मग मला कळलं. ती उठली आणि गच्चीवर गेली. आम्ही सगळे खाली बसून होतो, आबा तेवढे निवांत जेवत होते. ती परत आली, पानावर बसली, राहिलेली भाकरी तिनं संपवली, आणि म्हणाली, "खरंच छान झालंय, आबा. अजून थोडं वाढा." आबांनी वाढलं. तिनं तेही खाल्लं. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, कुणी कुणाशी इतकं चांगलं वागलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तरी मी तिला काही बोलले नाही.

आबांना मात्र सांगणं भाग होतं. ती हात धुवायला आत गेली तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, धुळ्याचं काम, पार्टिशन, तेल, त्या बंगल्याची वास्तुशांती जवळ आलीय ते, आणि पुण्याचंही. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "माले वाटनं, पोरले भरीत करानं शे," ते हळूच म्हणाले. मग चहा न घेता ते बसस्टँडवर निघून गेले. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण आबांना थांबवणं कुणाला जमलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आबांच्या शेतातली उरलेली पऱ्हाटी ट्रॅक्टरनं बारीक करून मातीत घातलेली होती. ओली कपाशी उपटून उपयोग नव्हता, वाळताना ती चिरते. मुलगा आणि सून स्कूटरवर आसपासच्या गावांतून फिरून आले. कुठे ढीग होते तर वाळवी लागलेली, कुठे काड्या आखूड, कुठे दवानं भिजलेल्या. पुण्याहून पुन्हा विचारणा झाली. अमुक दिवसापर्यंत कळवा, असं त्यांनी म्हटलं, आणि तो दिवस नेमका धुळ्याला पार्टिशन बसवायचा होता. ती गच्चीवर उभी राहून फोनवर बोलायची आणि मी खाली उगीच डबे पुसत बसायची. मी फारशी देवभोळी नाही, पण त्या आठवड्यात देवापुढचा दिवा जरा जास्त वेळ तेवत ठेवला.

मग एका सकाळी दारात एक पिकअप उभी राहिली. ड्रायव्हरच्या शेजारी आबा, मागे पऱ्हाट्या. पण त्या एका शेतातल्या नव्हत्या. आबांनी गावातल्या घराघरांत जाऊन, अंगणातल्या जळणाच्या ढिगातून, बसून, एकेक सरळ काडी निवडून आणली होती. ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या दारात मागायला पाय ठेवला नाही, तो जळण मागत गावभर फिरला. लोकांनी चेष्टा करायची ती केलीच. कुणी विचारलं, "आबा, यंदा होयी लवकर ऊनी का?" कारण आमच्याकडे असं घरोघर जाऊन जळण मागतात ते फक्त होळीला, आणि तेही पोरंटोरं. आबा म्हणे सगळ्यांना एकच सांगत होते, आमच्या सुनेला हव्यात, चांगल्या द्या. बायकांनी मग ढीग उपसून चांगल्यातल्या चांगल्या दिल्या.

आबांनी गाडी रिकामी केली, खिशातली काडेपेटी काढली आणि सुनेच्या हातात ठेवली. "बठ्ठा गावन्या काड्या शेतस," ते म्हणाले. "आते हाई तूच ठेव." ती त्यांच्या पाया पडली. तिचे डोळे भरून आले होते आणि आबा दुसरीकडे, विजेच्या खांबाकडे बघत होते.

काड्या एका रंगाच्या नव्हत्या. चुलीजवळच्या धुरानं काळपटलेल्या होत्या, पावसापाण्यात राखाडी पडलेल्या होत्या, नव्या कोऱ्या लालसर होत्या. तिला आधी वाटलं, हे काही जमायचं नाही. अर्धा दिवस ती नुसत्या रांगा लावत बसली. मग काळपट काड्या एका टोकाला, तिथून हळूहळू राखाडी, मग लाल, असं तिनं मांडलं, आणि मांडलं तेव्हाच आम्हाला समजलं की जळून गेलेलं पार्टिशन याच्यापुढे काहीच नव्हतं. मग आम्ही सगळेच कामाला लागलो. आबा मुक्कामाला राहिले. ते आणि आमचे हे काचकागद घासायचे, मी तेल चोळायची, मुलगा काम संपलं की धागा कापून द्यायचा, आणि ती बांधायची. तेल चोळताना माझ्या बोटांना ती काडी आपोआप कळत होती, कुठे गाठ असणार, कुठे साल सुटणार. लहानपणी आईबरोबर याच काड्यांवर मी चिखलाचे हात मारले होते. तेव्हाही बहुधा मला हे काम आवडत असणार, पण ते कबूल करायची मला लाज वाटली असती.

ठरल्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. मुलगा गाडी चालवत होता, पुढे आबा, मागे आम्ही दोघी, आणि टपावर चादरींत गुंडाळून बांधलेलं पार्टिशन. डॉक्टरांचा बंगला चांगला होता, उजेडाचा. तिनं तासाभरात पार्टिशन उभं केलं. खिडकीतलं ऊन काड्यांमधून जमिनीवर आलं तेव्हा डॉक्टरीणबाई नुसत्या बघत राहिल्या. डॉक्टर फोटो काढायला लागले. सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि मी डोळे मिचकावले. झालं, ही आता कुठे जात नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून डॉक्टरांच्या आई आल्या. नऊवारी, हातात काठी, चाल सावकाश. त्या पार्टिशनपाशी थांबल्या. काठी दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी काड्यांवरून तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाल्या, "हाई तं कूड शे."

डॉक्टर म्हणाले, "आई, आता हीच फॅशन आहे."

"व्हई. तुम्हले फॅशन शे," त्या म्हणाल्या. "मी त्यामा राहेल शे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या सोफ्यावर बसल्या आणि सुनेला त्यांनी जवळ बोलावलं. तिचा हात हातात घेऊन, उलटा करून, तेलानं आणि धाग्यानं काळी पडलेली बोटं पाहिली. "पोरी, तुना हात भलता गोड शे," त्या म्हणाल्या. "पन माले नको."

मग त्यांनी मला विचारलं, माहेर कुठलं. मी सांगितलं, एरंडोलकडचं. घर कसलं होतं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कुडाचं. त्यांनी मान हलवली आणि पुढे काही सांगायची गरज राहिली नाही. मी त्यांच्याशेजारी बसले. माझ्या आईच्या वयाच्याच असतील त्या, आई असती तर. ज्या भिंतीतून बाहेर पडायला एका बाईचं सगळं आयुष्य गेलं, ती भिंत तिच्या दिवाणखान्यात आणून उभी करायची आणि तिनं कौतुकानं बघत बसायचं, हे मला पटेना. त्या म्हातारीचं बरोबर होतं. आणि माझ्या पोरीचंही काही चुकलं नव्हतं. दोघींच्या मध्ये बसून मला रडू यायला लागलं होतं.

डॉक्टरीणबाई अवघडल्या. म्हणाल्या, आपण हे वर आमच्या खोलीत लावू, आईंना जिना चढवत नाही, त्यांना दिसणार नाही. सुनेनं एक क्षणही घेतला नाही. "नको," ती म्हणाली, "आजींना नको असेल तर या घरात नको." तिनं स्क्रू काढायला घेतले. आबा उठून तिला चौकट धरू लागले. निघताना त्या आजींनी तिची ओटी भरली, आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या, जरा जास्तच वेळ.

परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडलं. दोन्ही बाजूंना गहू, मध्ये कुठे कपाशी उपटून मोकळी झालेली काळी शेतं. ती बाहेर बघत होती. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि म्हणाली, "पुण्याला कळवून टाकते. आज शेवटचा दिवस आहे." आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याला कळवून टाकावं तसा.

मी तिच्या फोनवर हात ठेवला. मला स्वतःलाच कळलं नाही, कधी ठेवला. "जाऊ नकोस," मी म्हणाले. "मला तुझ्याशिवाय करमणार नाही. वर बांधलंय ते आपल्या हॉलमध्ये लाव. अजून दहा कर. गच्ची घे, पुढची खोली घे. काम कर, नको करू, पण जाऊ नकोस."

माझ्या मुलानं गाडी उगीचच हळू केली.

"आई," ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हालाच घर मोकळं हवंय. तुम्ही सारखं म्हणायचात ना, कचरा, काटक्या, पसारा. मला वाटलं, तुम्ही चांगल्या आहात म्हणून स्पष्ट सांगत नाही. त्या काटक्यांच्या दिवसापासून मी ठरवलं होतं, काम झालं तरी जायचं."

इतकी वर्षं शाळेत पोरांना नीट बोलायला शिकवलं, आणि घरात ही पोर माझा प्रत्येक टोमणा उचलून, निवडून, मनात ओळीनं मांडून बसली होती. मी म्हणाले, "अगं, मी टोमणे मारते ती माझी माणसं. परक्यांशी मी फार गोड बोलते." आबा पुढून म्हणाले, "हाई खरं शे." त्यांनी आमच्या लग्नापासून माझं तोंड ऐकलेलं आहे.

तिनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि फोन लावला. पलीकडे कुणी साहेब असावेत. ती म्हणाली, "नाही सर, मला यायला जमणार नाही. नाही, पैशांचा प्रश्नच नाही. घरी सासूबाई जाऊ देत नाहीत." पलीकडून त्यांनी बहुधा हळहळ व्यक्त केली असावी, कारण ती म्हणाली, "हो ना सर, काय करणार. फारच कडक आहेत." हे बोलत असताना तिनं दुसऱ्या हातानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, आणि एरंडोल येईपर्यंत तो सोडला नाही.